त्यो माळी न्हवता

पहिल्यांदाच लिहितेय, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारे, अंगात येणं, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्यात मी बारामतीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये येतं ते खरं, बाकी सगळी लोकांची बडबड... असा माझा स्वभाव.

आई बारामतीजवळच्या कन्हेरी गावची. वडील लवकर गेले. लोकांच्या उसात खुरपून तिनं मला शिकवलं; ती स्वतः मात्र शाळेत कधी गेली नाही. मी तिची एकुलती एक, लग्नही केलं नाही. आम्हा दोघींना दोघीच. तिला विसरायला व्हायला लागलं तेव्हा मी तिला भिगवण रोडच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. आधी ती गॅस बंद करायला विसरली, मग रस्ता विसरली, मग माणसं. शेवटी मला.

दुपार कलली की चपला घालून दाराशी खुर्चीत बसायची.

"कुठं निघालीस आई?"

"माझी पमी यायचीय कामावरनं. फाट्यापतोर सामोरी जाते."

पमी म्हणजे मीच. प्रमिला. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणायचे, "अगं, मीच पमी." ती माझी समजूत काढल्यासारखी हसायची. "न्हाय वो बाई. तुमी लई करता माझं. पर माझी पमी येगळी."

रोज. ती माझी वाट बघत बसायची आणि मी तिच्या शेजारी बसलेली असायचे. हे काय असतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. मेलेल्या माणसासाठी रडता तरी येतं...

आमची लॅब ज्या हॉस्पिटलमध्ये आहे, तिथं शालिनीताई नर्स होत्या. ख्रिस्ती, राहायला इंदापूरला, एकट्याच. एकदा सॅम्पल द्यायला आल्या आणि मी मशीनमागे तोंड लपवून रडताना त्यांना दिसले. काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "रविवारी दुपारी माझ्याकडे शास्त्रपाठ असतो, बायबल वाचतो. चार बायका जमतो. तू नुसती चहाला ये."

खालच्या काकूंना आईजवळ बसवून मी एसटीनं गेले. खरंच चहासाठी गेले होते. पण त्या दिवशी स्तोत्रं वाचत होत्या आणि मी चकितच झाले. कुणीतरी देवालाच जाब विचारत होतं — कुठं आहेस, किती दिवस तोंड फिरवणार! मला वाटायचं धर्माच्या पुस्तकात नुसतं असं वागा, तसं वागा असतं. शालिनीताई म्हणाल्या, "रडायची चोरी नाही गं इथं."

मग जात राहिले. ताईंनी एक बायबल दिलं, ते पर्समध्ये असायचं. विश्वास बसला होता असं नाही म्हणणार. पण परतीच्या एसटीत छातीवरचा दगड जरा हललेला असायचा. घरी मात्र मी आईसमोर ते कधी उघडलं नव्हतं, त्यातलं अक्षरही तिला सांगितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

एका सुट्टीच्या दुपारी आई फार कासावीस होती. पमी का आली नाही म्हणून सारखी उठत होती. तिला गुंतवायला काहीतरी मोठ्यानं वाचावं म्हणून मी बायबल काढलं आणि योहानाच्या शुभवर्तमानात, शेवटाकडे, हाताला लागलं ते पान वाचायला लागले. आमच्या पाठात हा भाग झालेला नव्हता. मीही तो पहिल्यांदाच वाचत होते.

येशूच्या कबरेपाशी त्याची शिष्या मरीया रडत उभी आहे. कबर रिकामी. मागे वळते तर कुणीतरी उभं. तो पुन्हा जिवंत झालेला येशूच असतो, पण तिला ओळखू येत नाही. तिला वाटतं, हा बागेतला माळी. आणि ती त्यालाच विचारते, तुम्ही नेलं असेल तर सांगा, कुठं ठेवलंय त्याला...

मला पुढचं वाचवेना. जिला शोधायचं ती समोर, आणि तिला म्हणायचं बाई, तुमी येगळ्या. पुस्तक मिटून मी हुंदके द्यायला लागले.

आणि आई शांतपणे म्हणाली, "मग त्यानं हाक मारली की तिला. नावानं."

मी वर पाहिलं. "कुणी?"

"त्यानंच. त्यो माळी न्हवता." मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "पमे, रडू नगंस."

मी तिचा हात गालावरच धरून ठेवला. "आई... मी कोण?"

"पमी न्हवं का तू? कवाची वाट बघतीय. जेवलीस का?"

मी तिच्या मांडीत डोकं घातलं. ती केसांतून हात फिरवत राहिली, किती वाळलीस म्हणाली. मग तिला चहा हवा होता. मी आत जाऊन चहा टाकला, कप घेऊन आले, तर ती खुर्चीत हसत बसलेली.

"बाई, आत्ता माझी पमी येऊन गेली. तुमी बघितली का?"

पुस्तक उघडून पुढची ओळ वाचली. तो तिला नावानं हाक मारतो आणि ती ओळखते. तसंच होतं.

त्या दिवसापासून आई चपला घालून बसली नाही. कासावीसही झाली नाही. लेक येऊन गेली होती ना.

मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ओळख कधी कधी क्षणभर परत येते. ते ठीक. पण गोष्ट? मामाला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "आपल्यात कोण सांगणार तिला? आमी चर्चचं दारबी बघितलं न्हाय." शालिनीताईंनाही विचारलं, वाटलं त्या तरी चमत्कार म्हणतील. पण त्या "मला नाही माहीत, प्रमिला," म्हणाल्या आणि माझा हात धरून रडल्या.

पावसाळ्यात आईच्या छातीत कफ झाला, त्यातच ती गेली. मला पुन्हा ओळखलं नाही. शेवटच्या संध्याकाळी मी पलंगाशी बसले होते, तर माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "बाई, लई दमलाय तुमी. जावा आता घरी. तुमची आई वाट बघत असंल."

मी अजून रविवारी इंदापूरला जाते. रडते, वाचते. आणि आईचं ते शेवटचं वाक्य मी हळूहळू खरं मानायला लागलेय.