कस्तुराबाईंनी टीव्हीत पाहिलेली सून

वालूरला आमच्या गल्लीत कुणी बाळंत झालं की आधी कस्तुराबाईंना निरोप जायचा, मग नवऱ्याला. शेगडीत ओवा कधी टाकायचा, डिंकाचे लाडू किती द्यायचे, कानाला फडकं किती घट्ट बांधायचं, सगळं त्याच ठरवणार. माझ्या बाळंतपणात मी लपून थंड पाणी प्यायले, तर बाईंनी खोलीतला तांब्याच उचलून नेला. मी मास्तरांची बायको, चार बुकं शिकलेली. पण त्यांच्यापुढं माझीही बोलती बंद. राग यायचा. तरी अडीनडीला तोंडात नाव त्यांचंच यायचं.

त्यांचा धाकटा मुलगा रंगनाथ पिठाची गिरणी चालवायचा. दिवसभर इंजिनाच्या धडधडीत राहून त्याला हळू बोलणं म्हणून जमत नसे. तो कुजबुजला तरी शेजारीपाजाऱ्यांना ऐकू जाई. त्याची बायको रुख्मिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पिंगळीला गेली होती. फार अडली बिचारी. पुढं मुलीला घेऊन सासरी आली, तर कस्तुराबाईंनी सून आणि नात दोघींना आपल्या खोलीत ठेवून घेतलं. त्यांच्या घरची रीतच तशी होती. लेकरू बसायला लागेपर्यंत नवरा-बायकोनं लांब राहायचं. वडीलधाऱ्यांसमोर बापानं लेकराला उचलायचं नाही की बायकोशी बोलायचं नाही. आणि वडीलधारे तर बारा महिने घरात! सासरे व्यंकटराव ओट्यावर, सासू आत.

एकदा रुख्मिणी विरजण न्यायला आली आणि रडकुंडीला आली.

"वैनी, मला त्यायला सांगायचंय वो. तिकडं मी मरता मरता वाचले. दोन शबुद बोलायला सवड घावना गेली. ते गिरणीतून येत्यात, जेवत्यात आन् माझ्याकडं बघून नुसतं हासत्यात."

"मग दळण घेऊन गिरणीत जा की."

"दळण आत्याबाई सोता नेत्यात."



अठ्ठ्याऐंशी साली हिवाळ्यात गावात टीव्हीवाले आले. बाळ झाल्यावर नवरा-बायकोतला जिव्हाळा कसा टिकवावा, असा काहीतरी कार्यक्रम होता. नट-नट्या नकोत, खरंखुरं जोडपं पाहिजे म्हणाले. सरपंचांनी रंगनाथचं घर दाखवलं, कारण ते नुकतंच रंगवलेलं होतं. कस्तुराबाई त्यांना दारातून परत पाठवतील असं मला वाटलं. पण आपल्या हाताखालची बाळंतीण साऱ्या मुलखाला दिसणार म्हटल्यावर त्यांनीच सुनेला नवं लुगडं काढून दिलं.

टीव्हीवाल्या साहेबांच्या डोक्यातला जिव्हाळा म्हणजे असा: रंगनाथनं खाटेवर बसून पेपर वाचायचा, रुख्मिणीनं लाजत लाजत कपबशी द्यायची, मग त्यानं तिच्या केसात गुलाब खोवायचा. गिरणीवाला कुठला भरदिवसा पेपर वाचतोय! पेपर आमच्या घरून गेला आणि गुलाब मिळेना म्हणून झेंडूवर भागलं. कपाळावर हात मारून घ्यावा असं सगळं. याला म्हणे खरंखुरं जोडपं!

नेमकी लाईट गेली. त्यांनी दारातच जनरेटर सुरू केला. मग साहेबांनी घरच्यांना खोलीबाहेर काढलं, कस्तुराबाईंनासुद्धा! "आवाज आम्ही घेत नाही, निवेदन नंतर टाकणार. तुम्ही आपसात काहीही बोला," असं म्हणाले.

मी खिडकीशी उभी होते. रुख्मिणीनं कपबशी पुढं केली, बोलायला तोंड उघडलं, तोच साहेब म्हणाले, "छान! झालं." तिचा चेहरा एवढासा झाला. रंगनाथनं तिच्याकडं पाहिलं आणि कप लवंडला. मुद्दाम लवंडला, मी या डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा घेणं आलं. मग त्यानं पेपर उलटा धरला. मग झेंडू स्वतःच्याच टोपीत खोवला. साहेब करवादत होते आणि रुख्मिणी दर खेपेला मघाचं बोलणं पुढं नेत होती. जनरेटरच्या धडधडीत रंगनाथ अगदी घसा ताणून विचारत होता, पण बाहेर एक अक्षर येत नव्हतं. तिनं डोळे पुसले. त्यानं पेपर फेकला, पाळण्यातल्या लेकीला मांडीवर घेतलं आणि उपरण्यानं तिची लाळ पुसली. इतकं गोड दिसत होतं की मलाच भरून आलं.

पंधरवड्यानं, रविवारी सकाळी कार्यक्रम लागला. गल्लीत टीव्ही आमचाच, त्यामुळं पाय ठेवायला जागा नव्हती. कस्तुराबाई आणि व्यंकटराव पुढं, मुलगा-सून दाराशी. लोक शिट्ट्या मारत होते. रुख्मिणी डोळे पुसताना दिसली, तेव्हा निवेदिका लाडात म्हणाली, "मातृत्वाचे हे आनंदाश्रू!"

"आनंदाचे न्हाईत ते," कस्तुराबाई म्हणाल्या. "म्या लय बाळंतिणी पाह्यल्यात. काय सांगायली व्हतीस गं त्याला?"

रुख्मिणीनं मान खाली घातली. "वाटलं व्हतं, आता ह्यांचं तोंड दिसत न्हाई. त्येच सांगायले व्हते, आत्याबाई."

बाई हात पुढं करून म्हणाल्या, "आन ती पोरगी हिकडं. रंगनाथ, गिरणी ऱ्हाऊ दे आज. हिला मळ्यात ने, हरभरा खायाला. सावकाश या. आन् उद्यापासून तुमची खोली न्यारी."

दोघं निघाली. रंगनाथ पुढं आणि रुख्मिणी चार पावलं मागं, अशी गल्लीत शिरली. कोपऱ्याशी गेली तेव्हा बरोबरीनं चालत होती. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा टाकायला उठले.

तेवढ्यात कस्तुराबाई नवऱ्याकडं वळल्या. "अवो, माझी सहा बाळंतपणं झाली. तुमी कवा इचारलं?"

व्यंकटराव गडबडले. "आता कसं इचारणार? माय बसलेली असायची मधी."

"आज कुठं हाय तुमची माय?"

सगळी गल्ली खो खो हसली, व्यंकटरावही हसले. मग हातातला अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "सांग. लय तरास झाला व्हता का?"

"थोरल्याच्या टायमाला..." नातीला थोपटत कस्तुराबाई सांगायला लागल्या. मी जाऊन टीव्ही बंद केला.