मामाचा ड्रम आणि मामीचं मशीन

गिरणगावात रॉक अँड रोल कुणी आणलं, हा वाद कधी कोर्टात गेलाच, तर माझ्या धाकट्या मामाच्या बाजूने मी छातीठोकपणे साक्ष देईन. लालबागच्या चाळीत राहणारा हा माणूस गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते बडवायचा. त्याच्याकडे दोन साचे होते आणि ते कधीच एका चालीत चालत नसत. वाजवताना मामाचा उजवा हात एका साच्याच्या चालीने जायचा, डावा दुसऱ्याच्या. भांडल्यासारखे ते वेगवेगळे धावायचे आणि अचानक एका ठोक्यावर गळ्यात गळा घालायचे. वरातीत तो वाजवायला लागला की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचा आणि मुहूर्त टळायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्याने एकदा ड्रम गळ्यात अडकवला, तर घोषणा देणारे भलेभले कंबर हलवू लागले. "अरे, हा मोर्चा आहे की वरात?" पुढारी ओरडले, पण त्यांचाही पाय थांबेना.

मामाला एकच ध्यास होता, माझगावच्या मास्तरांच्या बँडमध्ये बसायचं. हे मास्तर नाचाच्या कार्यक्रमांना इंग्रजी गाणी वाजवत. त्यांनी मामाला हॉलवर बोलावलं आणि तिथे मामाचे हात जे गोठले ते गोठलेच. साच्यांच्या खडखडाटात घडलेल्या माणसाला ती शांतता सोसेना. हरताळाच्या दिवशीही त्याचं हेच व्हायचं. "मुंबई आमचीच" असं घसा फोडून सांगून घरी यायचा आणि गिरण्या गप्प म्हणून मामीला शिलाई मशीन चालवायला बसवायचा, मग कुठे त्याची बोटं हलायची.

"नेक्स्ट संडे ये, मॅन. लास्ट चान्स," मास्तर म्हणाले. मामा रडवेला होऊन घरी आला. दोन दिवस जेवला नाही.

रविवारी त्याने मामीचं मशीन हातगाडीवर घातलं आणि मामीसकट माझगावला नेलं. मामी पडद्यामागे बसली. "चालव गो!" मामा म्हणाला. मशीन खडखडलं आणि मामाचे हात सुटले. मास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"दोघांना घेतो," ते म्हणाले.

पुढे कित्येक वर्षं मामीने पडद्यामागे बसून चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. सरळ शिवण आली की गाणं सुसाट, काखेची गोलाई आली की संथ, आणि दोरा तुटला की जोडपी जागच्या जागी उभी. परळ-दादरच्या पोरांनी मामाची ही मधली अडखळ हुबेहूब उचलली. खास कसब म्हणून ती घोटून घोटून वाजवायचे बिचारे.

आता मामा थकला आहे. साच्यांनी त्याला ताल दिला, पण कानही त्यांनीच नेले. हल्ली त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मामीलाही सुईत दोरा ओवता येत नाही. परवा संध्याकाळी गेलो, तर मामी मशीनवर बसली होती आणि सुईखाली कापडच नव्हतं. शेजारी मामा, एक तळवा मशीनच्या फळीवर टेकवलेला, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर धावत होती. चेहऱ्यावर अगदी तृप्ती.

"मामी, काय शिवतेस?" मी विचारलं.

तिने पाय थांबवला नाही. "काय नाय रे," ती म्हणाली, "ह्यांका वाजवूक होया."