हातमोजे घातलेली बाई

कोअर शॉपमध्ये हातमोजे घालणाऱ्या बाईला आम्ही हसायचो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझं आयुष्य गेलं. ओतीव लोखंडाच्या भागात जिथं पोकळी हवी असते, तिथं साच्यात आधी वाळूचा घट्ट ठोकळा बसवतात. त्याला कोअर म्हणतात. लोखंड ओतून गार झालं की वाळू झाडून काढायची. हे ठोकळे करायचं काम बायकांचं. चिकट केलेली वाळू पेटीत भरायची, बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यात दाबायची, गॅस सोडून कडक करायची, मग पेटी उघडायची. कोपरा कच्चा राहिला तर ठोकळा हातातच फुटतो. कोपरा भरला की नाही ते बोटाला कळतं, मोज्याला कळत नाही. म्हणून कंपनीनं दिलेले मोजे आम्ही टेबलाखाली टाकायचो आणि साहेब येताना दिसला की घालायचो.

शिकवायची रीत एकच होती. नवी बाई पेटीसमोर, जुनी तिच्या शेजारी, आणि जुनीचा हात नवीच्या हातावर. किती दाबायचं हे तोंडानं सांगता येत नाही. मला शिकवणारी बाई तंबाखू खायची आणि चुकलं की कोपरानं ढोसायची. वाळू दाबता दाबता तिनं मला तिच्या घरातलं सगळं सांगितलं, नवऱ्याच्या दुखण्यापासून जावेच्या भांडणापर्यंत. हात कामात असले की माणूस बोलतं. समोरासमोर बसवून विचारलं तर बोलत नाही.

माझा मुलगा हायवेवर मोटारसायकलवरून पडून गेला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, मूल नव्हतं. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, लिहून तो येणार नाही. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि घरात मी आणि सून उरलो. माझा नवरा त्याच्याही आधी गेलेला. मी तोंड उघडलं तर ती रडेल आणि तिनं उघडलं तर मी, म्हणून दोघी गप्प. चहा ठेवू का, पाणी आलं का, दार लावलं का, एवढीच भाषा. मी भाकरी थापायला बसले की ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायची. मला वाटायचं, हिला काम नको.

मग ठेकेदाराला सांगून तिला माझ्याच शॉपमध्ये घेतलं. पैशाची गरज होतीच, पण माझ्या मनात दुसरंच होतं. पेटीसमोर शेजारी उभं राहिलो तर ही बोलेल असं वाटलं. आणि थोडंफार बोललीही. तिच्या हातावर हात ठेवून वाळू दाबताना मी खाली बघत विचारायचे, "रात्री झोप लागली का गं?"

"लागली की."

"खोटं सांगालीस."

"मग कशाला विचारतासा?"

एवढं बोलणं आमच्या घरात आठवड्यात होत नव्हतं. ती चुकायची मात्र फार. कोपरे कच्चे, ठोकळे फुटलेले. बाकीच्या बायका म्हणायच्या, "म्हातारे, सुनंला शिकवालीस का नुसतीच धरून ठेवलीस?" मी म्हणायचे, शिकेल सावकाश. मला घाई नव्हती. ती शिकली असती तर मला हात काढून घ्यावा लागला असता.

त्यानंतर कंपनीनं प्रत्येक टेबलावर स्टँड लावून टॅब बसवले. मालकाच्या मुलानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की ही एआय आहे, नव्या बायकांना हीच शिकवणार. ती आधी हातांचा व्हिडिओ दाखवते. मग कॅमेऱ्यातून आपलं काम बघते आणि चूक सांगते. काही अडलं तर विचारायचं, ती उत्तर देते. कोण कुठं चुकतं हे ध्यानात ठेवते आणि पुढच्या दिवशी तिथूनच सुरू करते.

"ह्यो डबा शिकवणार व्हय आमाला?" एकीनं विचारलं.

"डबा न्हवं गं, मास्तरीण हाय. आवाज ऐक की."

"मग हिला विचारा, तंबाखू हाय का म्हणावं."

टॅबमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "कामाच्या ठिकाणी तंबाखू खाणं सुरक्षित नाही." शॉपभर हसू झालं. सून पण हसली. मुलगा गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं, ते त्या टॅबकडं बघून.

सुपरवायझरनं नव्या बायकांना विचारलं, टॅबवर शिकणार की जुन्या बाईजवळ. जुन्यांचा मान राखायला विचारलं असेल. माझ्या सुनेनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "टॅब," ती म्हणाली.

ती भराभर शिकली. मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत असायचे. टॅब म्हणायची, "डाव्या कोपऱ्यातली वाळू सैल आहे, पुन्हा करा," आणि ही पुन्हा करायची. सारखं सारखं करायची, न वैतागता. मी मनात म्हणायचे, आता बिघडेल हे खेळणं. बिघडलं नाही. चूक सांगायची ती बरोबरच सांगायची. कानाला बोचायचं ते सुनेचं विचारणं. "वाळू आज ओली का वाटतीया?" "गॅस जास्त झाला तर काय हुतंय?" माझ्याजवळ असताना तिनं मला एकही गोष्ट विचारली नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी, गेटातून बाहेर पडून वडापच्या गाडीच्या थांब्याकडं चालताना, मी विचारलं, "माझ्याजवळ का न्हाय शिकलीस? माझं काय चुकलं?"

ती पुढं बघत चालत राहिली. मग म्हणाली, "चुकलं न्हाय काय. आत्या, तुमचा हात माझ्या हातावर आला की त्यांचाच हात वाटतोय. अंगठा तसाच आखूड. करंगळी तशीच वाकडी. मी वाळू दाबतच न्हवतो, हात बघत हुतो. मग कोपरे कच्चे राहणारच की. ती बाई हात लावत न्हाय."

थांब्यापाशी पोचल्यावर ती पुढं म्हणाली,

"घरात बी तुमी भाकरी थापाय बसलासा की मी बाहेर जातो. त्यांनी एकदा हौसंनं माझ्या शेजारी बसून भाकरी थापलेली. ते दिसतंय. तुमाला कळलं न्हवतं?"

"न्हाय."

वडाप आली. आम्ही चढलो. गर्दी होती, तरी मी वरची दांडी धरली नाही. हात पदराखाली घेतले आणि धक्के खात उभी राहिले. हे दोन हात तिला आधार म्हणून मी रोज तिच्या हातावर ठेवत होते. पोरानं रंग बापाचा घेतला, नाक बापाचं घेतलं, हात तेवढे माझे घेतले. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं.

त्यानंतर भाकरी मी ती अंघोळीला गेली की थापून घ्यायचे. पण एका खोलीत हात किती लपवणार. जेवायला वाढायचं असतं, ताट द्यायचं असतं. दिवाळीला ती माहेरी गेली आणि तिथंच राहिली. माहेर इचलकरंजीकडचं. आमच्याच कंपनीचं दुसरं युनिट त्या बाजूला आहे, तिथं तिनं काम मागितलं. इथला सगळा हिशेब टॅबमध्ये होताच, कोपरे किती बरे, तूटफूट किती कमी. तिकडं तिला नव्या बायकांच्या टॅबवर लक्ष ठेवायचं काम दिलं. धडा लावायचा, कुणी अडली तर बघायचं. दिवसभर तेच.

लोक मला म्हणतात, त्या यंत्रानं तुझी सून पळवली. तसं नाही. यंत्रानं तिला पायावर उभं केलं, ते माझ्या हातून झालं नसतं, हे मला कबूल आहे. आता शॉपमध्ये नव्या बायका लवकर शिकतात, ढोसणी खात नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या बाईला पोरं किती आहेत हे मात्र त्यांना माहीत नसतं. शिकताना बोलायला कुणी नसतंच. तेही चालतं म्हणा. बोलून आमचं तरी काय झालं.

मग या उन्हाळ्यात सुपरवायझर माझ्याकडं आला. टॅबमधले व्हिडिओ कुठल्या तरी परक्या कारखान्यातले होते, पेट्या वेगळ्या होत्या. आता आपल्या पेट्यांवर, आपल्या बाईचे हात घेऊन नवे धडे करायचे होते.

"मावशी, तुमचेच हात घ्यायचेत. तोंड न्हाय दिसणार, फकस्त हात."

"कुठं लावणार?"

"इथं आन् तिकडच्या युनिटला बी. रोज चालणार. मावशी, फेमस हुतासा की!"

मी एकदम नाही म्हणणार होते. पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि कामही जुन्या बाईलाच जमणारं होतं. मी म्हटलं, "मोजे घालून करतो."

तो हसत सुटला. सगळ्या शॉपला ओरडून सांगितलं, "ऐकलासा का, म्हातारीला आता सेफ्टी सुचली!" बायका म्हणाल्या, "फोटो निघणार म्हणून नटालीया." मी म्हटलं, "व्हय, नटालोय."

मोज्यांतून वाळू हाताला लागत नाही. पहिला ठोकळा फुटला. टॅबमधली बाई म्हणाली, "डाव्या कोपऱ्यातली वाळू सैल आहे, पुन्हा करा." हेच सुनेला सांगायची. मी पुन्हा केलं. बरेच दिवस जेवणाच्या सुट्टीत मोजे घालून पेटीवर उभी राहत होते, नवीसारखी, शेजारी कुणी नाही. जमलं शेवटी. पुण्याहून शूटिंगवाले आले, एका दिवसात उरकून गेले. अंगठ्याचं टोक रिकामं लोंबू नये म्हणून मी मोज्यात आत कापसाचा बोळा घातला होता.

पावसाळा लागल्यावर सुनेचा फोन आला. ती महिन्यातून एकदा करते. जेवलासा का, गोळ्या घेतासा का, एवढं विचारते. त्या दिवशी पुढं म्हणाली, "आत्या, नवे धडे आलेत टॅबवर. आपल्या शॉपमधलेच हायत न्हवं? कोण बाई हाय ती?"

"आलीया एक नवी."

"मोजे घालून करत्या. तरी बरी करत्या की. पोरींना मी तीच दाखवतो दिवसभर."

"दाखव."

"तुमी जेवलासा?"

"जेवलो की," मी म्हटलं.

जेवले नव्हते. फोन ठेवला आणि परातीत पीठ घेऊन बसले. आता मी भाकरी थापताना घरातून उठून जाणारं कुणी नाही.