ढोलकाचा उपास

आमच्या मराठी मिस्सेला ढोलक वाजवणारे भाऊ ख्रिस्ती नव्हते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, एवढा कडक कॅथलिक सुरतेत राहतो तरी कुठे!

भाऊ धुळ्याकडचे, कापडाच्या लूमवर कामाला, आणि कोसाडला आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे. आम्ही नगरकडचे. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी मराठीत मिस्सा, म्हणजे रविवारची मोठी उपासना, होते आणि तिचं कॉयर माझ्या गळ्यात आहे. कॉयर म्हणजे काय, तर चार बायका, एक पेटी आणि माझी आरडाओरड. आमचा आधीचा ढोलकवाला बारडोलीला साखर कारखान्यात लागला, तेव्हा आमची गाणी अगदी पांगळी झाली. शनिवारी मारुतीच्या देवळातून भाऊंचा ढोलक ऐकू यायचा. मी सरळ जिना उतरले आणि विचारलं, "भाऊ, आमच्याकडे वाजवाल का?"

"देवाचंच आहे ना? मग विचारता काय?" ते म्हणाले आणि आलेच.

पहिल्याच मिस्सेत त्यांनी 'आमेन'वर अशी झकास तिहाई घेतली की मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या. प्रवचनातलं एखादं वाक्य आवडलं की ते मोठ्यांदा "वा!" म्हणायचे. मी डोळे वटारायची. पण आमच्या नव्या फादरांना ते इतकं आवडायला लागलं की भाऊ गप्प बसले तर त्या दिवशीचं प्रवचन पडलं असं ते धरून चालायचे.

तर, राखेचा बुधवार जवळ आला. तिथून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. वेदीवर फुलं नाहीत, आलेलुया नाही, लग्नाचा थाटमाट नाही. आधीचे फादर वाद्यांच्या बाबतीत कानाडोळा करायचे. हे नवे फादर केरळचे, तरुण, गुजराती शिकून आलेले आणि कुठल्याही गोष्टीला "वांधो नहीं" म्हणणारे. नेमका इथे त्यांना वांधा आला. म्हणाले, पेटी सुराला धरायला ठीक आहे, ढोलक बंद.

सांगणार कोण? मीच!

भाऊंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. रागावले की ते थेट अहिराणीत जायचे. "मना ढोलक पापी शे का? चामडं लावलंय म्हणून? पेटी चालते, आणि ढोलक नाही?"

"अहो भाऊ, तसं नाही हो," मी म्हणाले. आता नवऱ्याला समजावण्याची सवय असलेल्या बाईला एका ढोलकवाल्याला समजावणं काय अवघड! "तुम्ही चातुर्मास पाळता ना? कांदा-लसूण सोडता ना? मग हा तसाच. या दिवसांत माणसांबरोबर वाद्यंही उपास करतात. ढोलकाचा उपास समजा."

भाऊ एकदम शांत झाले. त्यांनी ढोलकावरून हात फिरवला. म्हणाले, "असं होय! मग आधी सांगायचं ना ताई."

मला वाटलं, सुटले बाई एकदाची. कसली सुटते!

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर ढोलक खुंटीला टांगलेला, आणि त्याच्यावर जांभळं सॅटिन गुंडाळलेलं. चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कपड्यात झाकतात ते त्यांनी फोटोत पाहिलं होतं. लूमवरून तुकडा आणून त्यांनी नीट गाठ मारली होती. त्या दिवसापासून त्यांची तंबाखूही बंद. "ढोलक उपाशी आणि मी चघळत बसू?" वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या देवाला माझा नमस्कार सांगा. एवढी वर्षं मी डोकं आपटलं, सुटली नव्हती."

इथवर छान होतं. पण शनिवारी मारुतीच्या देवळात भाऊ गेले आणि हात जोडून नुसते बसले. मंडळींनी विचारलं तर उत्तर, "मना ढोलकले उपास शे." होळीला सगळं कोसाड नाचायला उतरलं, खानदेशी माणसाची होळी ती, आणि ढोलक खुंटीवर! शेवटी पोरांनी प्लॅस्टिकचं पिंप बडवलं. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळाची तीन माणसं माझ्या दारात. "ताई, तुमचे नियम तुमच्यापाशी ठेवा ना!" मी म्हटलं, अहो, आमच्या नियमात हे नाहीच! कोण ऐकतंय? माझ्या कपाळावरच लिहिलंय की ही बाई गावाला उपाशी ठेवते.

आणि कहर म्हणजे शुक्रवार. उपवासकाळात शुक्रवारी मांस खायचं नसतं, हे भाऊंनी कुठून तरी काढलं. एका शुक्रवारी मी कोंबडी केली. फ्रीजमध्ये राहिली होती, टाकायची का? फोडणीचा वास खाली गेला, तसा जिन्यातून आवाज, "ताई! आज वार कोणता?" माझ्या हातातला डाव पडला. माझ्या घरात, माझ्या धर्मात, मलाच जाब! नवरा तोंडात पदर कोंबल्यासारखा हसत होता. पदर नव्हता म्हणून टॉवेल.

तेवढ्यात भाऊंच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मैत्रिणींशी गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि बापाशी अहिराणी बोलणारी. मुलगा नंदुरबारचा, चांगला. तारीख निघाली ती उपवासकाळाच्या बरोबर मध्यावर. रविवारी लग्न, आदल्या संध्याकाळी हळद.

वहिनी वर आल्या त्या रडतच. "ताई, हे हळदीला वाजवणार नाहीत म्हणतात. डीजे सांगा म्हणतात. पोरगी हट्टाला पेटलीय, पप्पांचा ढोलक नसेल तर मी हळद लावून घेणार नाही."

मी खाली गेले. मुलगी कोपऱ्यात गाल फुगवून बसलेली. मला म्हणाली, "आत्या, साऱ्या कोसाडच्या पोरींच्या हळदीला पप्पांनी वाजवलं. मी काय वाईट केलंय?" भाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." त्यांचा चेहरा असा दगडासारखा की माझी तोफ जागच्या जागी थंड झाली.

मग मी फादरांना गाठलं. ते म्हणाले, "वांधो नहीं, ते ख्रिस्ती नाहीत, त्यांना नियमच नाही." मी म्हटलं, हे तुम्ही येऊन सांगा, माझं कोणी ऐकत नाही. फादर स्कूटर काढून आले. भाऊंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फादर, नवस बोललेला माणूस जात बघून सोडतो का?" फादरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटावर रविवार मोजले आणि ताडकन उठले.

"लग्नाचा रविवार तर आनंदाचा रविवार आहे! उपवासकाळात मध्यावर एकच असा येतो. मी त्या दिवशी गुलाबी झगा घालतो. त्या दिवशी वाद्यांना मोकळीक असते, नियमच आहे."

भाऊ वकिलासारखे म्हणाले, "पण हळद शनिवारी आहे."

"आमचा रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो," फादर म्हणाले. "म्हणून तर शनिवारची संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात. विचारा ताईंना."

मी जोरजोरात मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच मला आमच्या धर्मातली ही पळवाट एवढी गोड वाटली. वहिनींनी डोळे पुसले, पोरगी उठून उभी राहिली. जिंकलो म्हणून मी भाऊंकडे पाहिलं, तर ते जांभळ्या सॅटिनची गाठ चाचपत उभे होते.

"आता बोलायला जागाच ठेवली नाही तुम्ही," ते म्हणाले. मग खाली बसले. "ताई, दुसऱ्याच्या पोरीच्या हळदीला वाजवतो, दुसऱ्या दिवशी ती जाते, मी ढोलक उचलून घरी येतो. मना हातखाल मनी पोर चालनी... माझ्याच तालावर माझी पोर जाणार, कसं वाजवू? उपास होता म्हणून बरं होतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला माझाच राग आला, कारण एवढे दिवस मी त्या माणसाला नुसता हट्टी समजत होते. फादरांनी "वांधो नहीं" म्हणायला तोंड उघडलं आणि न म्हणताच मिटलं.

हळदीच्या संध्याकाळी जांभळी गाठ मुलीनेच सोडली. "उपास सोडायचा तर काहीतरी गोड हवं," म्हणून वहिनींनी ढोलकावर गुळाचा खडा ठेवला. भाऊंनी तो कपाळाला लावला, अर्धा पोरीला भरवला आणि वाजवायला बसले. बायकांनी गाणं धरलं, त्यांत माझं कॉयरही. पिवळीधमक पोर पाटावर. कधी कुठे न चुकणारा तो माणूस दुसऱ्याच कडव्याला ताल सोडून भलतीकडे गेला. माझ्या चारही कॉयरवाल्या बायकांचे डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, गा गं, जसं वाजेल तसं गा.

"पप्पा, चुकलं," मुलगी हसत म्हणाली.

"चुकू दे," भाऊ म्हणाले, आणि तसेच वाजवत राहिले.

सोमवारी मी त्यांच्याकडे गेले. मांडवाची फुलं अजून दाराशी पडलेली. ढोलक परत खुंटीवर, जांभळ्या सॅटिनमध्ये, आणि भाऊ त्याच्या खाली बसलेले. मी म्हटलं, "भाऊ, सोडा आता हा उपास. सगळं पार पडलं ना? शनिवारी मारुतीला वाजवा, कोणी काही म्हणणार नाही."

त्यांनी मान हलवली. "नको ताई. आता कुठे खरा उपास लागलाय."

मी जिना चढून वर आले. त्या शुक्रवारी मी कोंबडी केली नाही.