फाटकाचा चार्ज

डोमाजी वानखडे हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय कुणालाही जाऊ देत नसत. मालगाडीचं ठीक, ते त्यांचं कामच होतं. पण वसाहतीतल्या कुठल्याही मुलीची पाठवणी असली की ते काखेत झेंडी घेऊन हजर. नवरी रडते आहे, तिची आई रडते आहे, आणि डोमाजी मोटारीपुढे उभे राहून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहताहेत. समाधान झालं की झेंडी हलायची. त्याआधी गाडी सुरू करणाऱ्या ड्रायव्हरला ते खाली उतरवत.

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या सरकारी कारखान्यात रेल्वेचा एक फाटा येत असे. दिवसातून दोनदा त्यावरून इंजिन माणसाच्या चालीनं जाई. वसाहत आणि कारखाना यांच्या मधल्या फाटकावर डोमाजी. मूळचे मूर्तिजापूरचे, रेल्वेकडून आम्हाला उसने मिळालेले. मी आस्थापना विभागात कारकून. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाकावर बसून पुस्तक वाचायचो.

एकदा फाटकापासून हाकेच्या अंतरावर इंजिन बंद पडलं आणि बड्या साहेबांची मोटार पाऊण तास अडकली. साहेब उतरून म्हणाले, "अरे भाई, इंजन तो खड़ा है!"

"खड़ा है साब, मगर लाइन पे खड़ा है."

साहेब शेवटी पायी गेले. डोमाजी माझ्याकडे वळले. "बाबू, चालत्या इंजिनाचा भरोसा असते. बंद पडलेलं कवा काय करन, सांगता येत नाई."

त्यांचं दुसरं वाक्य सगळ्या वसाहतीला पाठ होतं: "बदली आल्याबिगर जागा सोडाची नाई." बदली म्हणजे आपल्या जागी काम घ्यायला येणारा माणूस.

इकाहत्तरचं युद्ध सुरू झालं. डोमाजी रेल्वेच्या राखीव तुकडीत होते, त्यांना बोलावणं आलं. दुपारची गाडी गाठायची, ट्रंक बांधून तयार, आणि त्यांच्या जागी येणारा रामसेवक आलाच नव्हता. मी बाकावर डबा उघडत होतो.

"बाबू, चार्ज घ्या."

"अहो, मी कारकून!"

"दोन हात हायेत ना? मंग झालं."

त्यांनी वही पुढे केली. कंदील एक, शिटी एक, झेंड्या दोन. मी हसत सही केली. डोमाजींनी मला सलाम ठोकला आणि ट्रंक उचलली. अर्ध्या तासानं रामसेवक आला. मी सामान त्याच्या हाती दिलं आणि डबा संपवला. वहीत काही लिहिलं नाही.

सीमेजवळच्या एका लहानशा स्टेशनावर डोमाजी गेले. विमानं आली तेव्हा सगळे खंदकात उतरले. दारूगोळ्याची गाडी यार्डातून बाहेर काढायची होती आणि डोमाजींची बदली आली नव्हती. गाडी निघाली. ते राहिले.

डोमाजींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कारखान्याच्या शाळेत नोकरी मिळाली तरच क्वार्टर राहणार होतं. नोकरीआधी डोमाजींच्या नावे ना-हरकत हवी होती. भांडार अधिकारी म्हणाले, फाटकाचं सामान त्यांच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः हजर राहून परत करावं. शनिवारपर्यंत, नाहीतर क्वार्टर खाली. मयत आहेत, असं मी सांगितलं. "तो लिखित में दें," ते म्हणाले. कुणी द्यावं, ते त्यांनी सांगितलं नाही. ती नोटीस मलाच टाइप करावी लागली आणि मलाच नेऊन द्यावी लागली.

"काय लिवलं हाय, भाऊजी?"

मी वाचून दाखवलं. वहिनींनी शांतपणे ऐकलं. दोन्ही मुली त्यांना बिलगून उभ्या होत्या. "येता आलं असतं तं आलेच असते ते," त्या म्हणाल्या. "हजरीचं त्यायचं पक्कं होतं."

मी फाटकावर जाऊन बाकावर बसलो. मग वही उघडली. शेवटची सही माझी होती.

अधिकाऱ्यांनी वही दोनदा वाचली. "मतलब वानखडे का चार्ज क्लिअर है. तो दो महीने से फाटक पर ड्यूटी किसकी है?"

"मेरी, सर."

"और आप थे कहाँ?"

वानखड्यांची ना-हरकत त्याच दिवशी निघाली. कामावर विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. ते पत्रही मीच टाइप केलं. खुलाशात लिहिलं, चूक मान्य आहे. नोकरीत मी लिहिलेलं तेवढंच एक वाक्य डोमाजींना आवडलं असतं.

पुढे प्रकरण मिटलं, पण वहीत माझ्याकडून चार्ज कुणी घेतला नाही. नवी वही आली, जुनी कपाटात गेली.

काही वर्षांनी वहिनींच्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच क्वार्टरसमोर झालं. पाठवणीची मोटार उभी राहिली. वहिनी रडता रडता थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. ड्रायव्हरनं चावी फिरवली. मी त्याला खाली उतरवलं.

झेंडी सकाळीच फाटकावरून आणून ठेवली होती. मोटारीपुढे उभा राहिलो. गल्लीत एक सायकलसुद्धा नव्हती. तरी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मगच हात वर केला.