पिराजींचा खोकला

ढोकीच्या पिराजींनी उमेदीची सगळी वर्षं कारखान्यावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवला. ते काम सुटलं तशी त्यांची बैठक एकाच ठिकाणी जमली, चुलीपुढच्या पाटावर. पुतळाबाई भाकरी थापायच्या, पिराजी चुलीतल्या निखाऱ्यावर बिडी पेटवायचे आणि मग नवरा-बायको मिळून गावाची उणीदुणी काढायची. मधूनच पिराजींना अशी ढास लागायची, की अंगणातली शेळी दचकून उठायची.

खोकला कशाचा, यावर घरात जुना वाद होता. पिराजी म्हणायचे धुराचा, पुतळाबाई म्हणायच्या बिडीचा. घरात गॅस होता, पण त्यावरची भाकरी पिराजींना गोड लागत नव्हती. म्हणजे धूरही त्यांच्याच जिभेपायी, हे पुतळाबाई ऐकवायच्या.

अशात फुप्फुसांचा अभ्यास करणाऱ्या पथकातली श्रावस्ती नावाची मुलगी दारात आली. तिनं दोघांनाही एका नळीत फुंकायला लावलं. पुतळाबाईंची फुंकर चांगली लांब गेली, पिराजींची निम्म्यातच बसली. बायकोदेखत झालेली ही फजिती त्यांना झोंबली. त्यांनी तिथंच निकाल मागितला, दोष धुराचा का बिडीचा.

श्रावस्ती म्हणाली, एकट्या माणसाचं असं छातीठोक सांगता येत नाही. पुष्कळ माणसं तपासावी लागतात. नुसती बिडी ओढणारे, नुसते धुरात बसणारे, दोन्ही असणारे आणि काहीच नसणारे वेगवेगळे धरून ताडून बघायचं.

"आणि आजोबा, आमच्या तपासणीत असं दिसतंय, की दोन्ही असलं तर त्रास नुसता बेरजेइतका वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो. एकाचा दुसऱ्याला जोर मिळतो."

पिराजींनी लगेच हिशेब मांडला. "म्हंजी दोनातलं एक सोडलं तरी लई फरक पडंल?"

"पडेल. दोन्ही सोडलंत तर अजून बरं."

"दोन्ही कशापायी? चूल सोडली म्या."

पुतळाबाईंनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्यापुढं उभ्यानं गॅसवर भाकरी करू लागल्या. तिथं पाट मांडायला जागा नव्हती आणि गॅसपाशी बिडी त्या पेटवू देईनात. पिराजी अंगणात गेले. वाऱ्यानं काडी विझायची, बोलायला शेळीशिवाय कुणी नसायचं. आतल्या उंबऱ्यावर मात्र शेजारच्या शांताक्का येऊन बसायला लागल्या होत्या. दोघींचं हसू कानावर आलं, की पिराजी बिडी अर्धी टाकून उठायचे.

काही महिन्यांनी श्रावस्ती पुन्हा आली. फुंकर फारशी लांबली नव्हती, पण ढास बरीच कमी होती. पिराजी म्हणाले, हा चूल सोडल्याचा गुण. पुतळाबाई म्हणाल्या, बिड्या घटल्या त्याचा. दोघंही तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"तुम्ही दोन्ही एकदमच बदललंत," श्रावस्ती हसून म्हणाली. "आता तुमच्यापुरतं ते वेगळं कसं काढू?"

वाद तसाच राहिला. पिराजी मात्र तेवढ्यात आत गेले, शांताक्कांनी सांगायला घेतलेली सोयरीक मोडल्याची हकिकत त्यांना पुरी ऐकायची होती.