फेलिस्मिनाच्या तोंडचा शब्द

दोना फेलिस्मिनाने माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेही एका शब्दाने, भर रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर. आणि तो शब्द तिने लाडाने उच्चारला होता. आज मी हे हसत सांगते, पण त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली होती.

ती आमच्या लाजेदो गावात आली ती ईस्टर उलटल्यावर, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकमधून. आबीलियो पाववाल्याची ती बायको. आबीलियो पोरवयात पोर्तुगालहून बोटीने ब्राझीलला आला आणि फिरत फिरत आमच्या या कोरड्या मुलखात भट्टी लावून बसला. चाळिशी आली तरी लग्नाचं नाव नाही. गावातल्या बायकांनी त्याचा नाद सोडला, तेव्हा या गृहस्थाने आपल्या गावाकडच्या मुलीशी लग्न केलं, आणि तेही इथून न हलता. तिकडच्या डोंगरातल्या चर्चमध्ये ती वेदीपुढे उभी राहिली आणि नवऱ्याच्या जागी उभा राहिला तिचा म्हातारा सासरा. मुलाच्या वतीने ‘हो’ त्यानेच म्हटलं, अंगठीही त्यानेच घातली. परमुलखात गेलेल्यांची लग्नं तिकडे अशीच लागतात म्हणे. आमच्या गावाला हे कळलं तेव्हा कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

ट्रकमधून उतरली ती लाल गालांची, रुंद हाडाची बाई. बाहेर दगड तापलेले आणि हिच्या खांद्यावर काळी लोकरीची शाल. आवाज असा की एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या मेंढराला हाक मारावी. बोलायची हौस दांडगी. आल्या दिवसापासून भट्टीच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. भाषा तर एकच, पोर्तुगीज. पावाला पाव, चावीला चावी, मेजाला मेज, साबणाला साबण. अर्धे स्वर ती गिळायची आणि आम्ही ते चघळत बसायचो, एवढाच काय तो फरक. आम्हाला वाटलं, बाई आपलीच आहे. तिलाही तसंच वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

माझं नाव नेवेस, म्हणजे बर्फ. आमच्या सात पिढ्यांत कुणी बर्फ पाहिला नाही, पण बर्फाच्या मारियामातेचा नवस होता म्हणून आईने हे नाव ठेवलं. त्या वेळी माझं लग्न सरकी काढायच्या गिरणीवाल्यांच्या आदेल्मारशी ठरलं होतं. माझी आई ओतिलिया मला दर रविवारी चर्चमध्ये अशी मिरवायची की जसं काही ते जावई-रत्न मीच घडवलंय. त्या रविवारी प्रार्थना संपली, सगळं गाव पायऱ्यांवर गप्पा मारत उभं होतं. गिरणीवालीण होती, आदेल्मार होता, माझा भाऊ झेनोन होता. आईने नव्या पाववालीणबाईंना माझी ओळख करून दिली.

तिने नाव विचारलं. मी सांगितलं. तिचे डोळे एकदम भरून आले. “बर्फ!” ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, ऐकलंत का, इथेही बर्फ आहे म्हणायचा.” मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या टेकडीवरच्या आवाजात म्हणाली, “काय देखणी रापारीगा आहे हो! असली रापारीगा आमच्या अख्ख्या खोऱ्यात सापडायची नाही.”

गावाच्या टोकाला, गुरांच्या कोंडवाड्यापलीकडे, झुलेइदेचं घर होतं. पुरुष तिथे अंधार पडल्यावर जात आणि उजेडात त्या बाजूला बघतही नसत. त्या घरातल्या बायकांना आमच्याकडे रापारीगा म्हणतात. दुसऱ्या कुणालाही म्हणत नाहीत. या शब्दावरून आमच्याकडे सुऱ्या निघालेल्या आहेत.

आईचा पंखा हलायचा थांबला. गिरणीवालीणबाईने छातीवर क्रूस काढला. झेनोनचा हात कमरेच्या लांब सुरीकडे गेला आणि समोर बाईमाणूस आहे हे लक्षात येऊन तिथेच थिजला. आणि फेलिस्मिना माझे गाल धरून हसत उभी होती, आपल्या कौतुकाला कुणीतरी दुजोरा देईल याची वाट बघत. मला तिच्या हाताचा कढत स्पर्श आठवतो. मला थुंकावंसं वाटलं.

सगळ्यांत पांढराफटक पडला तो आबीलियो. पुढे त्याने ज्याला त्याला सांगितलं ते खरं होतं, पण सारवासारव समजून कुणी ऐकलं नाही. त्याचं म्हणणं असं, की कानावर पडला तेव्हा त्यालाही तो शब्द शिवीच वाटला. घरी गेल्यावर, बायको रडत ‘मी काय केलं’ विचारत राहिली तेव्हा कुठे त्याला आठवलं, की त्याची स्वतःची आई त्याच्या बहिणींना याच शब्दाने जेवायला हाक मारायची. आमच्यात राहून राहून तो आपल्याच आईच्या तोंडचा शब्द विसरला होता. याचा त्याला एवढा धक्का बसला की भट्टी पेटवायला त्याचे हात चालेनात.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पाव बंद. आमचं बघून शेजाऱ्यांकडे बंद. बघता बघता गाव मक्याच्या सांज्यावर आलं. भट्टीवर जाणाऱ्या दोघीतिघीच उरल्या, त्या झुलेइदे आणि तिच्या पोरी. “बघा,” आई म्हणाली, “पाण्याला पाणी मिळालं.” फेलिस्मिना त्यांना पाव द्यायची, पण तोंड उघडायची नाही. तिने बोलणंच सोडलं होतं. बोटं दाखवायची, मान हलवायची. कुठला शब्द इथे काय निघेल याचा भरवसा उरला नव्हता, तेव्हा बाईने सगळेच आत ठेवले. मी रस्त्यावरून जाताना ती आत सरकायची. मला बरं वाटायचं.

मग गिरणीवाल्यांचा निरोप आला. माझ्यावर त्यांचा कसलाही संशय नव्हता, छे छे. पण चर्चच्या दारात, चारचौघांत जिच्याबद्दल तो शब्द बोलला गेला ती सून घरात आणायची म्हणजे लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. आई आडवी पडली. मी सुन्न होऊन दोन खांबांत टांगलेल्या झोळीत बसले. आदेल्मार मला दुधाचे दात पडल्यापासून ओळखत होता. नदीच्या कोरड्या पात्रात आम्ही एकत्र बकऱ्या हाकल्या होत्या. एका परक्या बाईच्या एका शब्दाने त्याची ओळख पुसली गेली, आणि तो स्वतः सांगायलाही आला नाही. त्या पायऱ्यांवर तो आपल्या बुटांकडे बघत उभा होता, तेही मला तेव्हाच आठवलं. माझा राग फेलिस्मिनावरून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

इकडे आबीलियोने हाय खाल्ली. जूनअखेरच्या संत जुआंवच्या सणापर्यंत लोक भट्टीवर परतले नाहीत तर बायकोला माघारी पाठवतो, असं त्याने पाद्रीबाबांना सांगितलं. दुष्ट नव्हता, भित्रा होता. सण आला. दारोदारी होळीची लाकडं रचली गेली, मक्याच्या खिरी शिजल्या, पण पाव घ्यायला कुणी गेलं नाही. सणाच्या सकाळी फेलिस्मिनाची पेटी ट्रकवर चढली.

आमच्या स्वयंपाकघरात मक्याची कणसं सोलत बायका बसल्या होत्या. एकीने सहज विचारलं, की नवऱ्याने परत पाठवलेल्या बाईला तिच्या गावात काय म्हणत असतील. आई हसली आणि म्हणाली, “काय म्हणणार? रापारीगा.” सगळ्या खिदळल्या. मी हातातलं कणीस टाकलं आणि तशीच, चिकट हातांनी, चौकाकडे निघाले. झेनोन माझ्यामागे धावला. त्याला वाटलं, मी तिला मारायला चाललेय.

चौकात बरीच गर्दी होती, तमाशा फुकट असला की होतेच. फेलिस्मिना ती काळी शाल घेऊन ट्रकजवळ उभी होती. पलीकडे कोंडवाड्याच्या भिंतीशी झुलेइदे उभी होती, चौकात न येता, तिच्या हद्दीवर. मला बघून फेलिस्मिनाने मान खाली घातली.

मी म्हटलं, “दोना फेलिस्मिना, त्या दिवशी मला जे म्हणालात ते परत म्हणा.”

तिने मानेनेच नाही म्हटलं. मी परत म्हटलं. तेव्हा कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकू आला, घोगरा, अगदी बारीक. “नको गं बाई. ते तोंड मी शिवून टाकलंय.”

“मग अर्थ सांगा. तुमच्याकडे कुणाला म्हणतात तसं?”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेटीकडे बघत होता. मग ती माझ्याकडे बघून बोलू लागली, आणि बोलता बोलता तिचा तो टेकडीवरचा आवाज परत आला. “पोरीला म्हणतात. नुसती पोरगी. घरातली, शेजारची, कुणाचीही. मी निघाले तेव्हा आई वाटेच्या वळणापर्यंत आली होती. तिथून पुढे तिला चालवेना. मला म्हणाली, जा रापारीगा, मागे वळून बघू नकोस. मी बघितलं नाही. आता ती नाही राहिली, आणि तिने मला शेवटची जी हाक मारली ती तुमच्या गावात तोंडातून काढता येत नाही.”

मी अर्थ विचारायला गेले होते, तिची आई माझ्या पदरात येऊन पडेल हे मला माहीत नव्हतं.

मग भिंतीकडून आवाज आला. झुलेइदे पहिल्यांदाच दिवसाउजेडी चौकात बोलत होती. सावकाश, एकेक शब्द तपासून घ्यावा तशी.

“म्हणजे इतकी वर्षं हे गाव मला नुसती पोरगीच म्हणत होतं?”

कुणी हसलं नाही. ती थट्टा करत होती की नव्हती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण उभे असलेले पुरुष, त्यांत गिरणीवाले होते, आमचे शेजारी होते, एकेक करून जमिनीकडे बघायला लागले, आणि किती जण बघताहेत हे पाहून बायकांचे चेहरे उतरले. माझी आई मागून येऊन पोचली होती. तिने गर्दीत उभ्या असलेल्या माझ्या बाबांकडे पाहिलं. बाबा चौकातल्या होळीची लाकडं नीट करायला वाकले. त्या क्षणी आमच्या घरात जे मोडलं ते कधी सांधलं नाही, पण ती वेगळी गोष्ट.

मी झेनोनला म्हटलं, “पेटी खाली उतरव.” तो हललाच नाही. मी म्हटलं, “सुरी काढायला हात उठत होता ना त्या दिवशी? मग आज पेटी काढायला उठव.” तो मुकाट ट्रकवर चढला. आबीलियोने खालून पेटी झेलली आणि तिच्यावरच बसून रडू लागला. ट्रकवाला वैतागून म्हणाला, की आता जाणार आहे की राहणार आहे ते एकदा ठरवा, ऊन वाढतंय. त्याच्याशीच मी पुढे लग्न केलं. आदेल्मारपेक्षा बरा निघाला, निदान जे वाटतं ते तोंडावर बोलायचा.

लोक लगेच सुधारले असं नाही. पाव खायला लागले ते भूक लागली म्हणून. तो शब्द आमच्याकडे आजही शिवीच आहे. फेलिस्मिनाने तो गावात परत वापरला नाही, अपवाद दोनच. झुलेइदे आजारी पडली तेव्हा गरम पाव घेऊन ती भरदिवसा कोंडवाड्यापलीकडे जायची आणि दारातूनच तिला त्या नावाने हाक मारायची. झुलेइदे प्रत्येक वेळी ‘आले, आई’ म्हणायची, वयाने मोठी असून.

दुसरा अपवाद मी. आबीलियो गेल्यावर तिची भट्टी आम्ही चालवली आणि शेवटी फेलिस्मिना आमच्याकडेच राहिली. नव्वदीला टेकली होती, नावं विसरायची, माझंही विसरली होती. मलाही पंचाहत्तरी उलटली होती, दोन्ही गुडघे गेलेले. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून डुलक्या घेत होते.

“ए रापारीगा,” ती पलंगावरून म्हणाली, “दार लाव गं, वारं येतंय.”

मी गुडघे धरून उठले आणि दार लावलं.